पंकजा म्हणते…

टेबलावर दोन पेनड्राइव्ह पडले होते आणि मी नेमका चुकीचा लावला.

परभणीत भागवतकाकांच्या फ्लेक्सच्या दुकानात त्या मंगळवारी मी एका साहेबांच्या वाढदिवसाचा बॅनर करायला बसले होते. फोल्डर उघडलं, तर साहेब कुठंच नाहीत. एकाच मुखवटेवाल्या माणसाचे शंभरेक फोटो! अंग कसं चमचम करणारं… मला वाटलं, यंदा साहेबांनी काहीतरी नवीन काढलं असेल. मी मुखवटा मधोमध बसवला, खाली मोठ्या अक्षरात 'दमदार नेतृत्व' लिहिलं आणि पाठीमागून कुणीतरी हसलं.

"ओ मॅडम… तो अभ्रक हाय. त्याला कुठं निवडणुकीला उभं करायलाव?"

मागं वळून पाहिलं. उंच, सावळा, भिजलेला. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि त्याच्या केसांतलं पाणी माझ्या कीबोर्डवर ठिबकत होतं.

"आधी मागं सरका," मी म्हणाले. "कीबोर्ड गेला तर अभ्रक भरून देणार हाय का?"

तो मागं सरला. पण हसू काही सरकलं नाही.

त्याचं नाव सिद्धोधन. पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता आणि मंगळवारी त्याची सुटी असायची. 'अभ्रक' ही दिवाळीनंतर टीव्हीवर येणारी मालिका. नायकावर संकट आलं की त्याच्या अंगावर अभ्रकासारखे चकचकीत पापुद्रे चढतात. ट्रेलर येऊन महिना झाला होता आणि त्यात अगदी शेवटी, डोळ्याची पापणी लवेपर्यंत, दुसरा एक मुखवटेवाला दिसतो. तो कोण? एवढ्या एका प्रश्नावर अकरा हजार माणसांचा ग्रुप दिवसरात्र भांडत होता. सिद्धोधन त्यावर व्हिडिओ करायचा. त्याला पाठीमागं टांगायला मोठा तक्ता हवा होता. मालिकेतल्या सगळ्यांचे चेहरे, तारखा, एकमेकांकडे जाणारे बाण.

तक्ता एका दिवसात झाला असता. पण पुढच्या मंगळवारी तो बाण बदलायला आला. त्याच्या पुढच्या मंगळवारी रंग बदलायला. मग मीही सोमवारी केस धुवायला लागले…

"धम्मशीला, तुला काय वाटतं? कोण असंल दुसरा?"

"अभ्रकची बहीण."

"ती तर मेली की. ट्रेलरच्या पहिल्याच सीनला."

"मग? मेलेल्या माणसाला मुखवटा घालायला बंदी हाय?"

तो मनापासून हसला, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाला, "पण पंकजा म्हणते, तो ट्रेलरमधला डॉक्टरच हाय."

हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. नांदेडची होती. ग्रुपमध्ये तिचा शब्द खाली पडत नसे. त्यानंतर पंकजाशिवाय एक मंगळवार गेला नाही. पंकजा म्हणते, डॉक्टरचा डावा हात बघ. पंकजा म्हणते, बाण पिवळा कर. मी चहा मागवला, तर चहा पिता पिता हा म्हणतो, "पंकजा चहा घेत न्हाई, कॉफीच लागती तिला."

"मग कॉफीच्या दुकानात जायचं," मी म्हणाले. "इथं कशाला येतूस?"

"काय झालं?"

"काय व्हायचंय?"

मी इतक्या जोरात माऊस आपटला की भागवतकाकांनी आतून विचारलं, "उंदीर हाय का गं?"

घरी जाऊन मी पंकजाचा फोटो शोधून काढला. मोठे डोळे, मोकळे केस. मोठा केला, बारीक केला. एकही खोट सापडेना. माझं काम दिवसभर लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग काढायचं, आणि या बयेच्या चेहऱ्यावर काढायला डागच नव्हता! त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही.

मग मी ते केलं.

लग्नाला न आलेल्या जावयाला घरच्यांच्या फोटोत उभं करायचं, रुसलेल्या पुढाऱ्याला बॅनरवरून पुसून टाकायचं, ही आमच्या धंद्यातली रोजची कामं. ट्रेलरमधून बहिणीचा चेहरा उचलला, दुसऱ्या मुखवटेवाल्याच्या अंगावर बसवला, मुखवटा तिच्या हातात दिला. मागं दिवे, वायरी, एक क्रेन. वरून थोडं धूसर केलं, कुणीतरी चोरून मोबाइलनं काढल्यासारखं. एक नवीन खातं उघडलं आणि 'शूटिंगवरून फुटलेला फोटो' म्हणून ग्रुपवर टाकला.

तासाभरात ग्रुप पेटला. डॉक्टर खोटा, पंकजा खोटी! ज्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं, तेच तिला धुवायला लागले. मी एकेक मेसेज वाचत होते आणि… खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

मंगळवारी सिद्धोधन आला तो नेहमीसारखा हसला नाही.

"पंकजानं ग्रुप सोडला," तो म्हणाला. "लोकांनी लय घाण घाण लिहिलं तिला. आईबापावरून. तिच्या घरचा पत्ता टाकला एकानं."

गोष्ट घराच्या पत्त्यापर्यंत जाईल, असं मला वाटलंच नव्हतं. पण त्याचा उतरलेला चेहरा बघून आधी तोंडून निघालं ते भलतंच.

"तिच्यासाठी इतका जीव तुटायलाय तुझा?"

"कुणासाठी बी तुटंल की!" तो चिडला. मग शांतपणे म्हणाला, "संध्याकाळी व्हिडिओ टाकायलोय. फोटो खरा हाय, पण तिला शिव्या देऊ नका म्हणून. त्याच्यावर माझं नाव, माझा चेहरा. तू एकदा बघ. तुला कळतं यातलं."

त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. मीच बनवलेला फोटो. 'खरा' म्हणून मान हलवली असती तर तिथंच मिटलं असतं. पण तो माझ्याकडं इतक्या विश्वासानं बघत होता…

"टाकू नकोस," मी म्हणाले. "खोटा हाय."

"कशावरून?"

"मी केलाय."

बाहेर रिक्षावाला कुणाला तरी हाका मारत होता. आत फक्त मशीनची घरघर.

"का?" त्यानं विचारलं.

उत्तर ओठांवर होतं. मी कीबोर्ड पुसायला घेतला. त्यानं पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि तो गेला. तक्ता तसाच राहिला.

त्याच दुपारी मी स्वतःच्या नावानं ग्रुपवर लिहिलं, की फोटो मी बनवला, पंकजाचा यात काही दोष नाही, तिची माफी मागते. मग जे तिला ऐकावं लागलं ते मी ऐकलं. दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी पंकजा बोलतेय."

मी उभीच राहिले. "ताई, मी…"

"ताई-बिई काही नको. माझे वडील दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत, माहीत आहे तुला? आणि हे सगळं सिद्धोधनसाठी केलंस ना?"

"होय," मी म्हणाले.

"मलाही आवडतो तो," ती म्हणाली. आवाज जरासा हलला. "मागच्या महिन्यात मी त्याला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, परभणीत कुणीतरी आहे, फ्लेक्सच्या दुकानात. म्हणजे तू ज्या बाईवर जळत होतीस ना, ती आधीच हरलेली होती."

"मला माफ करा."

"आज नाही करणार. कधी करेन तेही सांगत नाही. पण त्याला सांग तरी नीट. तो स्वतःहून सांगायचा नाही."

फोन ठेवला आणि मी दुकानात सगळ्यांसमोर रडले. शरमेनं रडले. आणि त्यातच कुठंतरी 'परभणीत कुणीतरी आहे' हे शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत होते, त्याची आणखी शरम वाटत होती.

पुढचा मंगळवार आला. तो आला नाही.

बुधवारी मी काकांकडून अर्धा दिवस मागून घेतला आणि पूर्णेची गाडी धरली. स्टेशनवर उतरले, तर फलाटाच्या टोकाला भगवं जाकीट घालून तो रुळाशेजारच्या सिग्नलच्या पेटीत डोकं घालून बसलेला.

"लाइनवर येऊ नका, मागं सरका," वर न बघताच तो म्हणाला.

"सरते. पण आधी ऐक."

त्यानं वर पाहिलं. हातातला पाना तसाच राहिला.

"तू 'का' विचारलं होतंस," मी म्हणाले. फलाटावरचा भजीवाला, दोन बाया, एक म्हातारबाबा, सगळे ऐकत होते. "तू तिचं नाव घेतलंस की मला जेवण जात नव्हतं. म्हणून केलं. लय वाईट केलं. पण का केलं, तर… तू दुसऱ्या कुणाचं ऐकावंस हेच मला सोसत नव्हतं."

तो उठला, हात पुसले. कपाळावर आठ्या तशाच होत्या.

"पंकजाशी बोललीस?"

"तीच बोलली. अजून माफ केलं न्हाई."

"करू बी नये एवढ्यात. मला बी राग हाय अजून."

"असू दे."

मग त्यानं पान्यानं स्टेशनच्या दाराकडं दाखवलं. "तिकडं बघ."

रस्त्यापलीकडं भली मोठी पाटी होती. फ्लेक्स, बॅनर, डिजिटल प्रिंटिंग. आमच्या दुकानाच्या दुप्पट दुकान!

"माझ्या क्वार्टरपासून शंभर पावलांवर हाय," तो म्हणाला. "मालक दोस्त हाय माझा. तक्ता फुकटात करून देतो म्हणला होता. अन् मी दर मंगळवारी बाण बदलायला परभणीला…" तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "येडी हायस का तू?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. भजीवाल्यानं उगाचच झारा कढईवर आपटला.

"ड्युटी पाचला सुटती," तो जाकीट सारखं करत म्हणाला. "थांबतीस?"

"माझी गाडी साडेतीनला हाय."

"मग थांबत न्हाईस."

मी जाऊन फलाटावरच्या बाकावर बसले. तो पुन्हा पेटीत डोकं घालून कामाला लागला, पण दर दोन मिनिटांनी मान वर करून बघत होता.

साडेतीनची गाडी वेळेवर आली. दारं गच्च भरलेली, कुणी चढलं, कुणी उतरलं. शिट्टी झाली. गाडी हलली, शेवटचा डबा माझ्यासमोरून गेला आणि पलीकडं तो उभा दिसला. मी बाकावर आहे की नाही, ते बघत.