कंगवा धरणारा हात

चुकीचं दार उघडलं की समोर काय येईल याचा नेम नसतो. तिच्यासमोर हात आला. नुसता हात. टेबलावर उभा, माणसाशिवायचा — आणि तिला बघून त्याने बोटं हलवली.

ती एक पाऊल मागे सरली.

"घाबरू नका," टेबलामागून एक पिंजारलेलं डोकं वर आलं. "तो सगळ्यांशी असाच वागतो."

"तो निदान नीटनेटका तरी आहे," ती म्हणाली. "तुम्ही केस कधी विंचरता?"

तो हसला, आणि हसता हसताच थांबला. तिच्या डाव्या बाहीतून पंजा बाहेर आलाच नव्हता...

आईच्या कानातलं यंत्र दाखवायला खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात आलेली ती, जिना चुकून या इंजिनियरच्या प्रयोगशाळेत शिरली होती. तो कॉलेजात शिकवायचा आणि असे हात घडवायचा. ती केस कापणारी. अपघातात पंजा गेला तशी सलूनमधली तिची खुर्ची दुसरीला मिळाली आणि तिच्या वाट्याला टॉवेल धुणं आलं. कात्रीचा हात शाबूत होता हो, पण कंगवा कोण धरणार? कंगवा धरणारा हात त्याने कधी घडवलाच नव्हता.

"मग मला शिकवा," तो म्हणाला.

तेव्हापासून दर आठवड्याला ती येऊ लागली. सोबत आई, कान अधू पण जीभ ठणठणीत. कोपराखाली पट्टा बांधायचा. स्नायू आवळला की पट्ट्याला कळतं आणि हाताची मूठ वळते. ती कंगवा पाडायची, तो उचलायचा.

"मुद्दाम पाडता?"

"तुम्ही मुद्दाम उचलता..."

मग आईला खोकला यायचा.

शेवटच्या चाचणीचा दिवस उजाडला. हात पास झाला तर तिच्यासोबत घरी जाणार, आणि सलूनची मालकीण खुर्ची परत देणार होती. कापायला खरं डोकं हवं होतं. तोच बसला, गळ्याभोवती कापड गुंडाळून.

हात सुरेख चालला. अर्धं डोकं झालं. कानामागचे केस घ्यायला ती वाकली, तिचा श्वास त्याच्या मानेला लागला — आणि कंगवा खाली पडला. हाताने त्याच्या केसांची मूठ धरली. गच्च.

ती थिजली. सोड म्हणून तिने स्नायू सैल केला. हात सुटेना. कानशिलं तापली तिची. मनातलं सगळं या मेल्या हाताने आईसमोर चव्हाट्यावर मांडलं की काय?

"मी नाही केलं..." ती पुटपुटली.

"नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने कापड बाजूला केलं. त्याच्याही कोपराखाली पट्टा होता. सकाळी हात तपासताना बांधलेला, त्याच हाताशी बिनतारी जोडलेला, काढायचा राहिलेला. खाली त्याची मूठ आवळलेली होती. "मी केलं."

त्याने मूठ उघडली, तेव्हा तिचा हात सुटला.

"हात बाईचा आणि मर्जी पुरुषाची," आई म्हणाली. "संसारात पाहिलं होतं, यंत्रात आज पाहिलं."

"पट्टा राहिला, एवढंच सांगा ना वरच्या साहेबांना," लेक घाईने त्याला म्हणाली. "चूक कुणाचीही होते."

"पट्टा राहिला हे सांगेन. मूठ का आवळली, तेही सांगावं लागेल. जिची चाचणी घ्यायची तिच्यात मन गुंतलं, तर ती चाचणी बाद. पुन्हा होईल, दुसरा कुणीतरी घेईल. हात तुम्हाला मिळेलच... मी या कामातून बाजूला होतोय."

ती बघतच राहिली. एवढ्या वर्षांचं काम, आणि हा माणूस चहाचा कप ठेवावा तसं खाली ठेवतो?

"माझं उत्तर न ऐकताच?"

"तुमच्या उत्तरावर हात अवलंबून नको."

तिने पट्टा सोडला. हात काढून टेबलावर ठेवला. मनगटाशी संपलेला आपला उघडा हात ती कुणाला बघूही देत नसे, आईलासुद्धा. तो तिने हळूच त्याच्या गालाला लावला.

त्याला हलायचंही भान राहिलं नाही.

आईचे डोळे विस्फारले. मग तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"आटपा लवकर," ती काचेला सांगावं तसं म्हणाली. "अर्धवट भादरलेला जावई मी घरी नेणार नाही."