७३९३९१३३ च्या पुढचा आकडा

इंदापूर स्टँडसमोरच्या रसवंतीत, टेबलावर सांडलेल्या पाण्यात मी बोटानं आकडे गिरवत होते. ७३९३९१३३.

"मॅडम, दोन आकडे कमी हायेत," रसाचा ग्लास ठेवत मालक म्हणाला. "असा मोबाईल लागायचा न्हाय."

हा नईम. मी बारामतीच्या कॉलेजात गणित शिकवते. चेष्टा मी करायची, ऐकून घ्यायची नाही!

"मोबाईल नाही हो. ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून हिला कुणानंच पूर्ण भाग जात नाही. आणि गंमत बघा..." मी शेवटचा तीन पुसला. "उरलेलीही मूळच! आणखी एक पुसा, तरी मूळ. पार पहिल्या सातापर्यंत."

तो वाकून बघत राहिला. "म्हंजे शेंड्याकडनं ऊस खाल्ल्यागत... बुडख्यापतुर गोडच की!"

असं उत्तर मला वर्गात कधी मिळालं नव्हतं. मला घरी नेणारी निमगावची एसटी समोरून गेली आणि मी तशीच बसून राहिले.

मग रोजच रस गोड लागायला लागला. एकदा पुसलेलाच ग्लास पुन्हा पुसत तो म्हणाला, "मॅडम, तुमचा नंबर... द्याल का?"

जीव हरखला, पण खोड कुठली जाते! "त्या संख्येपुढं एक आकडा लावा. मूळच राहिली पाहिजे. मग देईन."

खोडीमागं कारण होतं. अब्बांनी घरी बजावलं होतं, "मेहरीन, जुम्म्यापतुर तुझ्या मनातलं नाव सांग. न्हायतर पुण्याच्या पोराला होकार कळवतो."

त्या पुण्याच्या पोरालाही मी फोनवर हेच कोडं घातलं. त्यानं लगेच शेवटी सात लावून पाठवला. वर "इझी!" अंकांची बेरीज पंचेचाळीस, म्हणजे तीननं सरळ भाग जातो. पठ्ठ्यानं तपासलंसुद्धा नव्हतं.

शुक्रवारी रसवंतीत गेले तर मशीन बंद. नईम मान खाली घालून बसलेला.

"न्हाय जमलं," तो म्हणाला. "सम आकडे अन् पाच तर बादच. एक न्हायतर सात लावला की तीननं भाग जातो. तीन अन् नऊ कम्प्युटरवर घालून बघितलं, तेबी फुटले. एकबी आकडा लागत न्हाय. सरळ नको म्हणायचं की, मॅडम."

"मग ठोकून द्यायचा एखादा!"

"तुमाला? ...न्हाय जमायचं."

मला राहवेना. तिथंच अब्बांना फोन लावला, स्पीकरवर.

"अब्बा, पुण्याला नकार कळवा. नाव सांगते. नईम, इंदापूरचा रसवंतीवाला."

नईम ताडकन उठला. पलीकडून अब्बांनी विचारलं,

"काय बघितलंस पोरी त्याच्यात?"

"खरं बोलतो, अब्बा. मी हातची जाणार असले तरी."

अब्बा खाकरले. "मग रविवारी घरी आण. अन् रस आण म्हणावं... बिनबर्फाचा."

"पण आकडा?" नईम पुटपुटला.

"लागतच नाही. शेवटून पुसत गेलं तरी मूळच राहणारी ही सगळ्यात मोठी संख्या. तुमचं उत्तर बरोबर आहे," मी म्हणाले आणि ओल्या टेबलावर माझा नंबर लिहिला. "बघा आता."

"पुरे धा!" तो ओरडला आणि धावत जाऊन त्यानं मशीन सुरू केलं. गिऱ्हाईक एकही नव्हतं. चरकाची घुंगरं मात्र स्टँडभर वाजत राहिली.