बॅटरीची रिकामी जागा

गाडी जुनी, बायकोचे दिवस भरत आलेले आणि सकाळपासून इंजिन मुकं. शेवटी धाकट्यानं बॅटरी काढली आणि दोन्ही हातांनी कवटाळून कोपऱ्यावरच्या दुकानात नेली.

दुकानदारानं ती तपासली. "ठणठणीत आहे की. दुखणं दुसरीकडे असेल, मेकॅनिकला दाखवा."

"नवीच द्या. सगळ्यात दमदार असेल ती."

"फार मोठी त्या जागेत बसायची नाही. मापाचीच देतो, पण चांगल्यातली." दुकानदार हसला. "तुम्ही म्हणजे अगदी ताकही फुंकून पिताय."

दुधानं तोंड पोळलंच होतं. गाडी मुळात दादाची, थोरल्या भावाची. छातीत कळ आली तेव्हा तो घरात एकटा होता. स्वतःच स्टिअरिंगवर बसला आणि किल्ली फिरवत राहिला. गाडी काही सुरू झाली नाही. तो तिथंच गेला. बायकोच्या वेळी धाकट्याला तसं होऊ द्यायचं नव्हतं.

नवी बॅटरी घेऊन तो भर दुपारी परतला आणि फाटकाशीच थबकला. इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

बॉनेट त्यानं ठेवलं तसंच उघडं होतं. बॅटरीची जागा रिकामी, वायरी लोंबकळत होत्या. किल्ली त्याच्या खिशात होती.

मागच्या सीटवर बायको पोट धरून बसली होती.

"कळा सुरू झाल्यात... हॉर्न वाजला म्हणून खाली आले. तुम्हीच वाजवलात ना?"

"आधी उतर."

"दार उघडत नाहीये..."

त्यानं तिचं दार ओढून पाहिलं, मग स्टिअरिंगकडचं. दोन्ही हलेनात. ड्रायव्हरची सीट मागे सरकवलेली होती. दादाचे पाय लांब होते. ड्रायव्हरशेजारच्या सीटचं दार तेवढं किलकिलं होतं. तिला एकटीला कसं सोडणार? बॅटरी मांडीवर घेऊन तो आत बसला. बॉनेट आपोआप खाली आलं. गिअर पडला.

"दादा... बाळंतपणाचा दवाखाना उजवीकडे आहे," तो पुटपुटला.

फाटकाबाहेर पडून गाडी डावीकडे वळली. तिकडे जुना दवाखाना होता. दादाला त्या दिवशी तिथंच पोचायचं होतं. पुढे तो बंद पडला, टाळं लागूनही वर्ष झालं होतं.

आज त्याचं दार सताड उघडं होतं, आणि पायऱ्यांवर कुणीतरी स्ट्रेचर घेऊन वाट पाहत होतं...