खाणीतला झेल

त्या रविवारी मी मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला जरा लवकरच गेलो होतो. मैदान आपलं नावाला हो! नेवाडातला तो उघडा डोंगर, पायाखाली खडी, एका अंगाला उतार. पार टोकाला, चढावर, जुन्या खाणीचं फळ्या ठोकून बुजवलेलं तोंड. सहा दिवस चांदीच्या खाणीत मरमर मरायचं आणि सातव्या दिवशी बेसबॉल खेळायचा, एवढीच आमची चैन होती.

टॅमसिन माझ्याआधीच येऊन बसली होती. मटण-बटाट्याच्या मोठ्या करंज्यांची टोपली, त्यावर ओलं फडकं. आम्ही कॉर्नवॉलमधल्या एकाच गावचे. तिचा नवरा डेन्झिल माझा जिवलग, शिवाय आमच्या क्लबातला सगळ्यात पक्क्या हातांचा गडी. वर्षभरापूर्वी तो नाहीसा झाला. "गेला बायकोला टाकून," असं अख्खा गाव म्हणायचा, तिच्या तोंडावरसुद्धा.

"जॅगो, उद्याच्या घोडागाडीने मी सॅन फ्रान्सिस्कोला निघाले," ती म्हणाली. "तिथे कोणीतरी पाहिला असेलच त्याला."

"एवढ्या मोठ्या शहरात कुठे शोधणार तू?"

"दारोदार विचारीन. मला एकदा त्याच्या तोंडून ऐकायचंय, की माझं काय चुकलं."

मी मान खाली घालून रेघ मारत राहिलो. रेघ वाकडी गेली.

कारण डेन्झिल कुठे आहे ते मला ठाऊक होतं. मला एकट्यालाच!

त्याचं असं झालं. खाणीत उतरताना प्रत्येकाने तोंडाशी टांगलेल्या हजेरीच्या फळ्यावरचा आपला पितळी बिल्ला खिशात घालायचा, वर आलं की परत टांगायचा. वर कोण, खाली कोण, ते त्यावरून कळायचं. आणि आमच्या संघाचा कॅप्टन पास्को, महाखट माणूस, त्याचा दंडक असा, की शनिवारी तीनच्या आत ज्याचा बिल्ला फळ्यावर नाही, तो रविवारच्या संघात नाही. त्या शनिवारी डेन्झिलचं थोडं काम उरलं होतं. त्याने आपला बिल्ला माझ्या हातात कोंबला. "माझाही टांग रे. मागोमाग आलोच!" असं आम्ही सगळेच एकमेकांसाठी करायचो. मी टांगला आणि सरावाला पळालो.

तासाभराने खाणीतून धूर निघाला. मुकादमाने फळा पाहिला, सगळे बिल्ले जागेवर. मग काय! आग गुदमरावी म्हणून त्यांनी चढावरच्या त्याच तोंडावर फळ्या ठोकल्या, वर ओली माती थापली. मी धावत पोचलो तेव्हा शेवटचा खिळा ठोकत होते. मी तोंड उघडलं... आणि मिटलं. आता काय उपयोग, असं मनाशी म्हटलं. भ्यालो हो मी! सरळ सांगायचं तर भ्यालो.

असो. सामना सुरू झाला. पलीकडच्या गावचे आयरिश आले होते, आरडाओरडा नुसता. डेन्झिलच्या जागी, त्या चढाच्या पायथ्याशी, आता मीच उभा राहायचो. दुपारचं लख्ख ऊन होतं. पण तिथे उभं राहिलं की जळक्या लाकडाचा वास यायचा. इतरांना यायचा नाही.

त्यांच्या एका दांडगटाने असा टोला हाणला की चेंडू माझ्या डोक्यावरून थेट चढावर. मी जिवाच्या आकांताने मागे पळालो. सामन्याला चेंडू एकच असायचा. डोळ्यांदेखत तो माती झडलेल्या फळ्यांवर आपटला, एक कुजकी फळी मोडली आणि चेंडू आत गेला.

मी भोकाशी गुडघे टेकले. आत गार काळोख. चेंडू भिंतीवर आपटत खाली चालला होता... टक... टक... टक... आणि मग, थप्प!

आम्ही उघड्या हातांनी खेळणारी माणसं. चेंडू दगडावर पडलेला कसा वाजतो आणि तळव्यात बसलेला कसा वाजतो, ते मला कोणी शिकवायला नको. तो झेल होता.

तेवढ्यात त्या भोकातून चेंडू वर आला, सावकाश, अलगद, आणि माझ्या ओंजळीत पडला. काजळीने काळा झालेला.

"अरे टाक की, गाढवा! झोपलास का?" खाली मैदानातून पास्को बोंबलत होता.

मी टाकला नाही. मी भोकात वाकलो. "डेन्झिल...?"

मग अगदी जवळून, फळ्यांच्या लगतच खालून, दमलेला आवाज आला.

"जॅगो... तीन वाजले का रे?"

चेंडू माझ्या हातातून गळाला. मी चढ उतरलो, मैदानाच्या मधून चालत गेलो. लोक शिव्या घालत होते, आयरिश हसत होते. टॅमसिनसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बिल्ला, फळा, खिळा, सगळं. ती रडली नाही, ओरडली नाही. टोपली फडक्याने नीट झाकली आणि उठली.

"चला. उघडा ते तोंड."

आठ-दहा जणांनी पहारीने फळ्या उचकटल्या. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीत हात अडकवून डेन्झिल बसला होता. वर्षभराच्या गारठ्यात सुकून काष्ठ झालेला, डोळे मिटलेले. पास्कोने टोपी काढली. आम्ही त्याला बाहेर काढून उन्हात निजवला.

"बघितलंत?" टॅमसिन गावाकडे वळून म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिचा आवाज फुटला. "टाकून नव्हता गेला तो मला! नव्हता गेला!"

मग ती त्याच्याशेजारी बसली. त्याचा उजवा हात मांडीवर घेतला, तळवा दोन्ही हातांत धरला. नंतर तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी मेलो तरी विसरणार नाही.

"जॅगो," ती हळूच म्हणाली, "सगळं अंग गार आहे, पण हा तळवा गरम आहे रे याचा."