धोंडूने परत केलेला डबा

शेवंताकाकू चार दिवस आल्या नव्हत्या, आणि केतकीचं कशातच लक्ष लागत नव्हतं.

आता चार दिवस म्हणजे पृथ्वीवरचे चार दिवस बरं का! केतकी राहत होती चंद्रावर, सोमवस्तीत. चंद्रावरचा एक दिवस पृथ्वीवरच्या जवळजवळ साडेएकोणतीस दिवसांएवढा मोठा. काकू तसले चार दिवस आल्या नसत्या, तर केतकी रडता रडता पुढच्या इयत्तेतच गेली असती. म्हणून वस्तीतली घड्याळं आपली पृथ्वीच्याच वेळेने चालत.

सोमवस्ती होती जमिनीखाली. फार पूर्वी तिथून लाव्हारस वाहून गेला आणि मागे एक लांबलचक पोकळ बोगदा उरला. त्यात नव्वद घरं, एक शाळा आणि शेवंताकाकूंचं हरितगृह (दिव्यांच्या उजेडावर भाज्या वाढवायची जागा) असा सगळा संसार मांडलेला. केतकीचे आईबाबा दोन महिन्यांपूर्वी चंद्राच्या पलीकडच्या बाजूला रेडिओ दुर्बीण (आकाशातून येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी टिपणारी दुर्बीण) उभारायला गेले होते. ते यायला अजून चार महिने होते. तेव्हापासून काम उरकलं की काकू रोज संध्याकाळी यायच्या. कुठली काकडी कुठल्या टोमॅटोवर रुसली आहे, असल्या बातम्या द्यायच्या. केतकी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायची आणि आईची आठवण थोडी मागे सरायची. आता आई नव्हती ती नव्हतीच, वर काकूही नाहीशा झाल्या होत्या.

"आत्याआजी, माझं काही चुकलं असेल का गं?" केतकीने दहाव्यांदा विचारलं.

आत्याआजी म्हणजे बाबांची आत्या. ती शास्त्रज्ञ होती, पण तिच्या शास्त्रात ना काचनळ्या ना रसायनं. ती समाजशास्त्रज्ञ (माणसं एकत्र कशी राहतात याचा अभ्यास करणारी) होती. चाळीस वर्षं माणसांचा अभ्यास करून, "यापेक्षा खडक बरे, निदान रुसत तरी नाहीत," असं ती म्हणायची आणि पुन्हा माणसांच्याच भानगडीत नाक खुपसायची.

"तुझं काही चुकलेलं नाही. पण काहीतरी घडलंय खरं," ती दुखऱ्या गुडघ्याला तेल चोळत म्हणाली. "काकू शेवटच्या कधी बोलल्या आपल्याशी?"

"सोमवारी, माझ्याशी," कोपऱ्यातून आवाज आला.

हा धोंडू. घरकामाचा यंत्रमानव. कागदोपत्री त्याचं नाव सोळा आकड्यांचं होतं, पण आत्याआजीने पहिल्याच दिवशी त्याला धोंडू करून टाकलं. आधी नऊ वर्षं तो उत्तरेकडच्या खाणीत कामाला होता. आईबाबा निघाले तेव्हा मदतीला म्हणून त्याला इकडे आणलं होतं.

"सोमवारी तुमचा गुडघा सुजला होता आणि केतकी शाळेत होती," धोंडू म्हणाला. "म्हणून काकूंचा मेथीच्या भाजीचा डबा मी परत केला. दाखवू?"

त्याने डोळ्यांतून भिंतीवर चित्र पाडलं. काकूंचं दार उघडलं. काकू हसल्या. धोंडूने स्टीलचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला. काकूंनी तो घेतला, झाकण काढलं, आत पाहिलं. हसू मावळलं. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि दार लागलं.

"पाहिलंत? डबा मी तीनदा धुतला होता," धोंडू म्हणाला. "त्यात एकही जंतू नव्हता. इतका स्वच्छ डबा मिळाल्यावर माणूस नाराज का होतो, हे कोडं मी चार दिवस सोडवतोय."

केतकीने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, पण रिकामा दिलास! रिकामा डबा परत देतात का कधी? आई नेहमी त्यात काहीतरी घालून पाठवायची. भोपळ्याच्या बिया, नाहीतर धणे, नाहीतर घेवड्याच्या बिया. आईबाबा गेल्यावर मीही तसंच करत होते."

"हा नियम कुठे लिहिलाय?" धोंडूने विचारलं. "वस्तीची नियमावली मी पूर्ण वाचली आहे. त्यात नाही."

नियम कुठेच लिहिलेला नव्हता, हे खरंच होतं.

आत्याआजीने तेलाची बाटली बाजूला ठेवली. तिचे डोळे आता लकाकायला लागले होते. "केतकी, तुला कोणी शिकवलं हे? समोर बसवून, डबा रिकामा देऊ नये, असा धडा घेतला कोणी?"

"नाही. मला आपोआपच येत होतं."

"आपोआप? कोळ्याला जाळं विणता येतं, तसं? त्याला कोणी शिकवत नाही. ते त्याच्या जनुकांतच (आईवडिलांकडून शरीरात उतरणाऱ्या सूचनांत) असतं. डबा भरून द्यायची सूचना घेऊन जन्मलीस तू?"

केतकीला हसू आलं. "तसं नाही गं. आईला करताना पाहिलं."

"आणि आईनं?"

"तिच्या आईला पाहिलं असेल. पृथ्वीवर."

"मग हे लक्षात ठेव. संस्कृती रक्तातून येत नाही, ती शिकावी लागते. बहुतेक वेळा आपण शिकतोय हे आपल्याला कळतही नाही. अशी ती एका पिढीकडून दुसरीकडे जाते. आणि जाताना बदलते हं. माझ्या लहानपणी आम्ही शेजारणीच्या वाटीत चिमूटभर साखर घालून द्यायचो. इथे साखर यानातून येते, तीही मोजकी. मग लोक बिया घालायला लागले. हरितगृह चालायचं तर बी हवं ना! कोणी सभा घेतली नाही की ठराव केला नाही, परिस्थिती बदलली तशी रीत बदलली."

"पण ही आपल्या घरची सवय असेल तर?" केतकीने शंका काढली.

"मी चहात मीठ घालते, ती सवय. माझी एकटीची. उद्या मी मेले की ती संपली."

"आत्याआजी!"

"बरं बरं, नाही मरत. पण डबा भरून देणं नव्वदच्या नव्वद घरांत आहे. संस्कृती अशी सगळ्यांची मिळून असते. आता सांग, चार बियांनी काकूंचं पोट भरतं?"

"छे! त्यांच्याकडे पोत्यानं बिया आहेत."

"मग त्या का हव्यात त्यांना?"

केतकीने विचार केला. बी देताना आई नेहमी म्हणायची, काकूंना सांग भाजी फार आवडली. म्हणजे बी महत्त्वाचं नव्हतं. "तुमची आठवण आहे, असं सांगायला," ती हळूच म्हणाली.

"शाब्बास! त्याला म्हणतात प्रतीक (एखाद्या वस्तूला किंवा कृतीला सगळ्यांनी मिळून दिलेला अर्थ)."

"डबा मी आतून बाहेरून तपासला होता," धोंडू म्हणाला. "त्यात अर्थ सापडला नाही."

आत्याआजी गुडघा विसरून खळखळून हसली. "कसा सापडेल बाबा? तो माणसांच्या मनात असतो. डबा, बिया, चूल, घर, तू स्वतः, ही सगळी संस्कृतीची भौतिक बाजू, म्हणजे हाताला लागणारी. रीती, समजुती, चांगलं काय आणि वाईट काय याची कल्पना, ही अभौतिक बाजू. दोन्ही एकमेकींना घट्ट धरून असतात."

हे सगळं समजल्यावर केतकीचा राग कमी व्हायला हवा होता. उलट तो नाकावर येऊन बसला. एका रिकाम्या डब्यापायी तिची काकू दुरावली होती!

"म्हणजे सगळी चूक याचीच!" ती धोंडूवर खेकसली. "तुला संस्कृतीच नाही, धोंडू! तू नुसता पत्रा आहेस!"

धोंडूच्या छातीवरचा हिरवा दिवा मंद झाला.

"केतकी," आत्याआजी म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो कडक झाला होता. "ते चित्र पुन्हा बघ. डबा त्यानं कसा धरलाय?"

धोंडूने पुन्हा चित्र दाखवलं. आता केतकीच्या लक्षात आलं. डबा पालथा होता, झाकण खाली आणि बूड वर. धोंडूने तो दोन्ही तळव्यांवर अगदी जपून धरला होता.

"पालथा का दिलास रे?" आत्याआजीने विचारलं.

"खाणीत तसाच देतात," धोंडू म्हणाला. "मी तिथे जायच्या आधी एकदा सहा आठवडे यान आलं नव्हतं. अन्न संपत आलं होतं. तेव्हा लोक आपल्या वाटणीतलं एकमेकांना देत. घेणारा भांडं चाटूनपुसून, धुऊन, पालथं करून परत द्यायचा. म्हणजे एक कणही वाया घालवला नाही, तुझ्या घासाची किंमत मला कळते, असं सांगायचा. पुढे अन्न भरपूर आलं, पण रीत राहिली. कोणाला फार मोठा मान द्यायचा असेल तर अजूनही तिथे भांडं पालथं देतात. काकू केतकीसाठी रोज येत होत्या. म्हणून मी दिला."

केतकीला स्वतःची भयंकर लाज वाटली. ज्याला तिने पत्रा म्हटलं, त्याने काकूंचे तिच्यापेक्षा जास्त मनापासून आभार मानले होते.

"बोलताना आपण संस्कृती म्हणजे सणवार, गाणीबजावणी, चांगलं वळण एवढंच धरतो," आत्याआजी आता मऊ आवाजात म्हणाली. "आणि आपल्यासारखं न वागणाऱ्याला असंस्कृत म्हणून मोकळे होतो. समाजशास्त्रात हा शब्द फार मोठा आहे, गं. माणसांनी एकत्र राहता राहता घडवलेली, एकमेकांकडून शिकलेली आणि पुढच्यांच्या हाती दिलेली जगण्याची सगळी रीत म्हणजे संस्कृती. जेवण्याची, बोलण्याची, रुसण्याचीसुद्धा. संस्कृती नाही असा समाज सापडणार नाही, फक्त ती प्रत्येकाची वेगळी असते. धोंडू खाणीतल्या माणसांत राहिला, त्यांची शिकला. काकू आपली शिकल्या. दोघांचं बरोबर होतं आणि तरी एकमेकांना कळलं नाही."

"मग काकूंना एवढं का लागलं?"

"लोकरीत (रोजच्या वागण्यातला न लिहिलेला नियम) मोडली म्हणून कोणी तुरुंगात टाकत नाही. पण समोरच्याच्या मनाला लागतं. जा आता. माझ्याकडे बघू नकोस, मला गुडघा आहे."

केतकीने शाळेच्या प्रयोगासाठी जपून ठेवलेल्या घेवड्याच्या नऊ बिया काढल्या, एका वाटीत घातल्या आणि धोंडूचा हात धरला. "मघाशी बोलले ते चुकलं रे माझं," ती म्हणाली. धोंडूचा दिवा पुन्हा हिरवागार झाला.

काकूंच्या दाराशी पोचल्यावर केतकीने घंटी वाजवली. धोंडू मात्र उंबऱ्याशेजारी गुडघे दुमडून खाली बसला. दार उघडलं.

"आलं का हे परत!" काकू त्याच्याकडे बघून म्हणाल्या. "चार दिस झालं, रोज दुपारच्याला येतंय आन् हितं बसतंय. बोलत न्हाई, चालत न्हाई. बिघडलंय म्हनून मी दुरुस्तीवाल्यास्नी कळवनार हुते."

केतकी चकित झाली. "धोंडू, तू रोज इथे येत होतास?"

"खाणीत कोणी रागावलं की त्याच्या दारात बसतात," धोंडू म्हणाला. "काही बोलायचं नसतं. राग गेला की तो माणूस स्वतः आत बोलावतो. काकू कशामुळे रागावल्या ते मला माहीत नव्हतं. पण बसता येत होतं."

केतकीने मग वाटी पुढे केली आणि पालथ्या डब्याची सगळी हकिकत एका दमात सांगून टाकली.

"आगं माझे बाई!" काकू खालीच बसल्या. "आन् मी काय समजले? रिकामा डबा, त्यो बी पालथा! म्हटलं, आता हितनं फुडं काय धाडू नगा, येऊ बी नगा, असं सांगत्यात. पोरीची आई न्हाई म्हनून मी जीव लावाय गेले, आन् घरच्यास्नी ते नगं झालं, असं वाटलं बघ." त्यांनी धोंडूचा गार धातूचा खांदा धरला. "ऊठ बाबा. आत ये. तुझ्या खानीत बोलवत्यात तसं बोलवते, राग गेला माझा."

धोंडू उठला आणि वाकून आत गेला. केतकी दारातच उभी होती. काकू तिच्याकडे वळल्या, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"आन् तू गं? चार दिस मी वाट बघितली. तुला न्हाई व्हय सुचलं, काकूच्या दारात येऊन बसावं?"

"मला कोणी शिकवलंच नव्हतं, काकू," केतकी म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली. "आत्ता धोंडूनं शिकवलं."

त्या दिवशी तिघं जण पुष्कळ वेळ बोलत बसली. काकूंनी धोंडूकडून खाणीतल्या सगळ्या रीती काढून घेतल्या, आणि वस्तीत कुठल्या घरी काय चालतं, काय चालत नाही, ते त्याला घोटवून घेतलं.

महिनाभराने शाळेतला इर्शाद खेळात हरला, रुसला आणि घरी जाऊन दार लावून बसला. थोड्या वेळाने त्याच्या आईने बाहेर डोकावून पाहिलं, तर वर्गातली तीन मुलं उंबऱ्याशेजारी गुडघे दुमडून गप्प बसली होती. त्यांतल्या एकानेही खाण पाहिलेली नव्हती.