खडीवरची वही

अबकारी खात्यातून निवृत्त झाल्यावर शंकरप्पा हत्तुरे यांनी नळदुर्गच्या बसस्टँडमागं एक खोली घेतली आणि दारावर पाटी लावली : 'खासगी चौकशी करून मिळेल.' गावाला पाटीचा अर्थ कळला नाही. पहिले सहा महिने लोक एसटीच्या वेळा विचारायला येत आणि शंकरप्पा त्या बिनचूक सांगत.

त्यामुळं त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यात, शुक्रवारी सकाळी एक बाई दारात उभी राहिली तेव्हा कोंडिबानं तिला न विचारताच सांगितलं, "सोलापूर गाडी साडेदहाला."

कोंडिबा हा निवृत्त हवालदार, आता इथला मदतनीस. अंगानं भक्कम, डोक्यानं सावकाश, आणि शंकरप्पांवर त्याचा जीव.

"मला कुठं जायचं न्हाय," बाई म्हणाली. "माझी वही गेलीय."

तिशीतली बाई. तळहातांना घट्टे, नखांत पांढरी धूळ. माळावरच्या दुष्काळी कामावर खडी फोडणारी, हे शंकरप्पांनी ओळखलं.

"बसा. कसली वही?"

"कवितांची, अप्पा. म्या बनाबाई सरवदे. बोरीकाठ साहित्य मंडळ माझं पुस्तक काढतंय."

कोंडिबा चकित झाला. खडी फोडणारी बाई कविता करते हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागत होता. शंकरप्पांना मात्र मंडळ ठाऊक होतं. दहा-बारा मास्तर, शिंपी, शेतकरी एकत्र येऊन दरवर्षी एका नव्या माणसाचं पहिलं पुस्तक छापत. बसवराज आपल्या प्रेसमध्ये टाइप जुळवायचा मोबदला घेत नसे, आणि सभासद पिशवीत प्रती घालून परंड्यापासून वाशीपर्यंत बाजाराच्या दिवशी फिरत.

"वही कुठून गेली?"

"प्रेसमधनं. मंगळवारी दुपारी, टँकर आला तवा."

"दुसरी प्रत?"

"माझ्याकडं न्हाय. बत्तीस कविता होत्या. सहा वर्सं लिवलेल्या. निम्म्याअर्ध्या तोंडपाठ हायत, बाकीच्या न्हाईत." तिनं पदर सारखा केला. "मंडळ म्हनतंय, काळजी नको, आबाराव गुरुजींनी दिवाळीतच समदं उतरून ठेवलंय. त्यावरनं छापू. आज चारला बैठक हाय. म्या हो म्हनलं की छपाई सुरू."

"मग अडलं कुठं?" कोंडिबानं विचारलं.

"गुरुजींनी भाषा सुधारलीय, दादा. शुद्ध केलीय. तशी म्या बोलत न्हाय. माझी माय बोलत न्हाय. तसलं पुस्तक माझं कसं?" तिचा आवाज चढला नाही, पण डोळे भरून आले. "हो म्हनलं तर माझे शब्द गेले. न्हाय म्हनलं तर पुस्तक गेलं. चार वाजायच्या आत वही मिळंल का, सांगा."

शंकरप्पांनी टोपी घेतली.

प्रेस म्हणजे बोळातली एक लांबट खोली. पायानं मारायचं छपाईयंत्र, भिंतीला टाइपाच्या खणांच्या पेट्या, कोपऱ्यात अर्धा माठ पाणी. बसवराज मालकही तोच आणि जुळारीही तोच.

"मंगळवारी काय झालं, सुरुवातीपासून सांगा," शंकरप्पा म्हणाले.

"माझ्याकडं आठ पानांपुरताच टाइप आहे, अप्पा. आठ पानं जुळवायची, छापायची, टाइप परत खणात टाकायचा, मग पुढची आठ. पहिली आठ जुळवून झाली होती. मंगळवारी सकाळी प्रूफ काढून बनाबाईला वाचायला दिलं. तर हिनं काय करावं? दुरुस्ती प्रूफावर करायची सोडून आपल्या वहीतच खाडाखोड केली." बसवराज हसला. "मी म्हणालो, बाई, वहीत बदललं तर माझ्या टाइपाला कसं कळणार? घरी जाताना बोलली, दुपारी दाखवते. तोवर वहीच गेली."

बनाबाई ओशाळली. "मला काय ठावं? म्या पयल्यांदाच पुस्तक काढतेय."

"काय बदललंत?" शंकरप्पांनी विचारलं.

"शेवटच्या ओळी. आत्ता नगा इचारू अप्पा, सांगवत न्हाय."

शंकरप्पांनी आग्रह केला नाही. प्रूफ मागून घेतलं, चष्मा लावला. आठव्या पानावर 'खडी' नावाची कविता होती. तिचा शेवट त्यांनी मोठ्यानं वाचला :

"आमी समद्या एकाच ढिगाच्या,
आमची नावं कुनी इचारली न्हाईत."

"लई चांगलं हाय की," कोंडिबा म्हणाला.

"वहीतली बदललेली ओळ तुम्ही पाहिलीत, बसवराज?"

"छे. मी उलटा टाइप बघू का वही बघू? तेवढ्यात टँकरचा भोंगा झाला. कडी लावून घागर घेऊन पळालो. पाऊण तासानं आलो तर वही नाही. बाकी काही हललेलं नव्हतं."

"या पुस्तकाचा तुम्हाला काही त्रास?"

बसवराज जरा चाचरला. "खोटं कशाला बोलू? सोमवारी साखर कारखान्याचा अहवाल येतोय. तोवर टाइप मोकळा व्हायला हवा. पण म्हणून मी बाईची वही लांबवीन का? माझ्याच दारातून?"

"रांगेत कोण कोण होतं?"

"सगळा बोळ. पुढं आबाराव गुरुजी, मागं गुलाबभाई, मग मी. ही मंडळाची माणसंच प्रेसमध्ये येतात-जातात. वही कुठं ठेवतो ते त्यांनाच ठाऊक."

बाहेर पडल्यावर कोंडिबा कुजबुजला, "साहेब, गुलाबभाई शिंपी. पुढच्या वर्साला त्याच्या गजलांचा नंबर हाय. बाईचं पुस्तक अडलं तर त्याचं आधी लागंल."

"चला, विचारू."

गुलाबभाई मशीनवर शेरवानी शिवत होते. वही चोरीला गेल्याचं त्यांना अर्थातच माहीत होतं आणि आपल्यावर संशय आहे हेही.

"साहेब, माझा नंबर पुढच्या साली आहे, आणि मला घाई नाही," ते म्हणाले. "मक्ता, म्हणजे गजलेचा शेवटचा शेर, अजून जमत नाही. मंडळापुढं या बाईच्या नावाला पहिला हात मी वर केला, विचारा कुणालाही."

"मंगळवारी कुठं होता?"

"दुपारपर्यंत दुकानात. सिद्धम्माच्या घरची माणसं पांढरं कापड न्यायला आली होती. सोमवारी दिवस मावळताना खडीकामावर ऊन लागून गेली बिचारी. कापड फाडून दिलं, तेवढ्यात भोंगा. रांगेत पाऊण तास उभा. माझ्यापुढं गुरुजींची घागर, माझ्यामागं बसवराज."

"गुरुजींशी काय बोलणं झालं?"

गुलाबभाई आठवू लागले. "बोलणं असं काही नाही. रांग सरकली की त्यांची घागर पुढं सरकवत होतो. म्हातारा माणूस, उन्हात कशाला उभा करायचा. आपल्याकडं सगळे तसंच करतात."

"घागर त्यांचीच कशावरून?"

"नाव कोरलंय की तिच्यावर. लग्नातली आहे."

कोंडिबाला हे सगळं फाटे फोडणं वाटलं. त्यानं दुकानातल्या कपाटाखाली वाकून पाहिलं. तिथं चिंध्या होत्या.

आबाराव गुरुजींचं घर प्रेसपासून दोन दारं सोडून. निवृत्त मुख्याध्यापक, मंडळाचे अध्यक्ष, आणि तालुक्यातल्या निम्म्या माणसांना बाराखडी शिकवलेले. त्यांनी दोघांना सतरंजीवर बसवलं, पाहुण्यांपुढं अर्धा अर्धा पेला पाणी ठेवलं. त्या उन्हाळ्यात अर्धा पेला म्हणजे मोठं आदरातिथ्य होतं.

"फार वाईट झालं," गुरुजी म्हणाले. "पण पुस्तक थांबता कामा नये. या बाईत गुण आहे. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

"तुमची प्रत बघू?"

गुरुजींनी टपोऱ्या, वळणदार अक्षरातले कागद पुढं केले.

"ही कधी उतरवलीत?"

"दिवाळीत. निवडीसाठी वही माझ्याकडे आठवडाभर होती. तेव्हाच सगळं उतरवलं आणि कपाटात ठेवलं. त्यानंतर ना वही पाहिली, ना या कागदांना हात लावला."

"भाषा बदललीत."

"सुधारली," गुरुजी शांतपणे म्हणाले. "तुम्हाला म्हणून सांगतो, 'समद्या' न् 'इचारली' असलं छापलं तर बाहेरचे लोक तिला हसतील. मंडळाला हसतील ते वेगळंच. भावना तिची, वस्त्र माझं. ही 'खडी' बघा." त्यांनी पान काढलं आणि वर्गात वाचावं तसं वाचलं :

"सिद्धम्मे, तुझी पाटी मी उचलली,
विसाव आता तरुच्छायेत."

कोंडिबानं डोळे पुसले. त्याला तरुच्छाया म्हणजे काय ते कळलं नव्हतं, पण गुरुजींचा आवाज दाटला होता.

"ही सिद्धम्मा कोण?" शंकरप्पांनी सहज विचारलं.

"कोणी नाही हो. कवितेतलं नाव. नाद गोड आहे म्हणून मी ते तसंच ठेवलं."

शंकरप्पांनी पेला रिकामा केला. "तो कागद चारला बैठकीत घेऊन या, गुरुजी."

चारला प्रेसमध्ये पाच माणसं आणि कोंडिबा दाटीनं बसले. बनाबाई उंबऱ्याजवळ, पदर घट्ट धरून. तिला आज हो किंवा नाही म्हणायचं होतं.

"साहेब, उरकून टाका," कोंडिबा हळूच म्हणाला. "गुलाबभाईच ना?"

"गुलाबभाई पाऊण तास रांगेत होते," शंकरप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हे बसवराजनं पाहिलं. बसवराज रांगेत होते, हे गुलाबभाईंनी पाहिलं. गुरुजीही रांगेत होते, असं बसवराज सांगतात. बसवराज, गुरुजींना पाहिलंत की त्यांची घागर?"

बसवराजचं तोंड उघडं राहिलं. "घागर," तो म्हणाला.

"आपल्या बोळात घागर उभी असली की माणूस उभा आहे असंच आपण धरतो. शेजारी ती पुढं सरकवतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मंगळवारी गुरुजींची घागर रांगेत होती. गुरुजींना कुणीच पाहिलं नाही."

"मी घरात होतो. सावलीला," गुरुजी म्हणाले. "घरात असणं गुन्हा आहे?"

"नाही. एवढ्यावर मी काही बोललोही नसतो. आता हे प्रूफ ऐका." शंकरप्पांनी कागद उलगडला. "'आमी समद्या एकाच ढिगाच्या, आमची नावं कुनी इचारली न्हाईत.' मंगळवारी सकाळपर्यंत वहीत हेच होतं, कारण वहीवरूनच हे जुळवलं. दिवाळीतही हेच असणार. गुरुजी, तुमच्या कागदात शेवट काय आहे?"

गुरुजींनी कागदाकडं पाहिलं. वाचला मात्र नाही.

"मी सांगतो. 'सिद्धम्मे, तुझी पाटी मी उचलली.' बनाबाई, आता सांगा. मंगळवारी सकाळी वहीत काय बदललंत?"

बनाबाई उठून उभी राहिली होती.

"सिद्धम्मा माझ्या शेजारी खडी फोडायची, अप्पा. सोमवारी मावळतीला गेली. पाटी डोक्यावर घेता घेता बसली ती उठलीच न्हाय. तिची पाटी म्या नेली. रातभर झोप न्हाय. सकाळी हितं येऊन वहीत लिवलं : 'सिद्धम्मा, तुझी पाटी म्या उचलली, आता तू बस ढिगाच्या सावलीला.' कुनालाच दावलं न्हाय." ती गुरुजींकडं वळली. "तुमाला कसं कळलं, गुरुजी?"

कोंडिबाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत होतं.

"ती बाई सोमवारपर्यंत जिवंत होती," शंकरप्पा म्हणाले. "दिवाळीत तिच्या मरणाची ओळ कोण उतरवणार? बनाबाईंना छपाईची रीत ठाऊक असती तर त्यांनी बदल प्रूफावर केला असता, आणि तो सगळ्यांनी पाहिला असता. त्यांनी चूक केली म्हणून तो फक्त वहीत राहिला. मंगळवार सकाळनंतर वही ज्याच्या हातात होती, त्याच्याच कागदात ही ओळ येऊ शकते. गुरुजी, तुम्ही खाडाखोड पाहिली आणि नवी ओळ घेतली. सिद्धम्मा खरी बाई आहे हे तुमच्या मनातच आलं नाही. तुम्हाला ते नुसतं गोड नाव वाटलं. इथून चार घरांवर तिच्यासाठी कापड फाडलं जात होतं."

गुरुजींनी चष्मा काढला. बराच वेळ तो धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

"मी पुस्तक बुडवायला नेली नाही," ते म्हणाले. "तिला कुणी हसू नये एवढंच मनात होतं. मंडळात मी दोनदा सांगून पाहिलं, भाषा सुधारू द्या. तुम्ही ऐकलं नाहीत. वाटलं, वही नसली तर माझीच प्रत वापरावी लागेल. पुढं सगळे आभार मानतील." ते बनाबाईकडं पाहू शकत नव्हते. "सिद्धम्माचं मला खरंच माहीत नव्हतं."

"वही?" बनाबाईनं एवढंच विचारलं.

"जाळली नसणार," शंकरप्पा म्हणाले. "चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस लिहिलेली वही जाळत नाही. आणा गुरुजी."

गुरुजी उठले, दोन दारं ओलांडून गेले आणि आले. वही जुन्या परीक्षेच्या पेपरात नीट गुंडाळलेली होती. बनाबाईनं ती घेतली, 'खडी'चं पान उघडून पाहिलं आणि छातीशी धरली. मग ती रडली, सगळ्यांसमोर, अजिबात न लाजता.

गुलाबभाईंना राग आवरेना. "अध्यक्षपद सोडा," ते म्हणाले. "आज, आत्ता."

"सोडतो," गुरुजी म्हणाले.

"थांबा, भाई," बनाबाई म्हणाली. तिनं डोळे पुसले. "मला लिवायला कुनी शिकवलं? याच गुरुजींनी, रात्रीच्या शाळेत. बाकीचे मास्तर वस्तीत येत नव्हते, हे आले. म्या इसरन का?" ती बसवराजजवळ गेली, आठव्या पानाच्या प्रूफाचा कागद उचलला आणि गुरुजींसमोर धरला. "प्रूफं तुमीच वाचा, गुरुजी. पर चूक टाइपाची काढा. माझी न्हाय."

गुरुजींनी दोन्ही हातांनी कागद घेतला. खिशातून लाल पेन्सिल काढली. 'आमी'वर ती क्षणभर थबकली आणि तशीच पुढं गेली. शेवटच्या दोन ओळींवर मात्र त्यांनी काट मारली आणि समासात, वहीत पाहून, अक्षर न अक्षर लिहिलं : सिद्धम्मा, तुझी पाटी म्या उचलली, आता तू बस ढिगाच्या सावलीला.

बसवराजनं बाह्या सारल्या. "दोनच ओळी. पाच मिनिटं लागतील," तो म्हणाला आणि खणातून टाइपाचा एकेक खिळा उचलू लागला.

"पहिली प्रत कुणाला द्यायची?" कोंडिबानं विचारलं. त्याच्या मनात आपलं नाव होतं, हे शंकरप्पांना कळलं.

"सिद्धम्माच्या घरी," बनाबाई म्हणाली. "तिच्या लेकीला वाचता येतं."