दाचीची पोस्टकार्डं

आमच्या पाहुणेघरात येणारी पाठपिशवीवाली मुलं दोन रात्रींसाठी येतात आणि दहा दिवस राहतात. सहा-सहा, आठ-आठ महिने फिरून थकलेली असतात. पहिले दोन दिवस नुसती झोपतात, तिसऱ्या दिवशी सगळे कपडे धुतात, मग कुठे त्यांना समुद्र दिसतो. आमच्या रन्वेल्ल गावात बघण्यासारखं काही नाही म्हणूनच ती थांबतात, असं माझे यजमान पियदास म्हणत.

इल्झेही तशीच आली. फेब्रुवारीत, मटारा शहराहून येणाऱ्या दुपारच्या बसने. लॅटव्हियाची मुलगी, सव्वीस-सत्तावीसची. पट्ट्यांनी खांदे सोलून निघालेले. पायरीवर उभ्याउभ्याच तिने विचारलं, "निळ्या खिडकीची खोली रिकामी आहे?"

"आहे. कुणी सांगितलं?"

"माझ्या बहिणीने, दाचीने. दोन वर्षांपूर्वी ती इथे राहिली होती."

घर बांधून आम्हाला जेमतेम अकरा महिने झाले होते. त्याआधी या जागेवर नारळाची नऊ झाडं होती आणि एक फुटकी होडी. पण फिरस्त्यांच्या डोक्यात गावं एकमेकांत मिसळतात. वाद घालू नये. मी किल्ली दिली.

ती चार दिवस झोपली, पोहली, केस वाळवत व्हरांड्यात बसली. पियदासांनी एकतीस वर्षं बस चालवली होती, त्यांचं बोलणं ऐकायला माणूस लागे. "पोरी, आठ महिने हिंडून तू एवढी दमलीस? माझ्या बसमध्ये दोन तास बसली असतीस तरी एवढीच दमली असतीस," ते म्हणत. ती हसे. त्यांना अंकल म्हणे, मला अक्का.

पाचव्या दिवशी सकाळी शेजारची गाय दोर तोडून आमच्या स्वयंपाकघरात शिरली आणि पाहुण्यांसाठी काढून ठेवलेले तांदळाचे सगळे आप्प खाऊन मोकळी झाली. मी झाडू घेऊन धावले. पियदास दारात उभे राहून म्हणाले, "मारू नकोस गं. आधी पाहुण्यांच्या वहीत तिची सही घे."

सगळे हसले, इल्झे सोडून. ती खोलीत गेली आणि एक पोस्टकार्ड घेऊन आली. मजकूर तिच्या भाषेतला. तिने बोट ठेवून मला एकेक ओळ सांगितली. आज गाय स्वयंपाकघरात घुसली. सगळे आप्प खाल्ले. अंकल म्हणाले, वहीत तिची सही घ्या.

"हे कधी आलं?"

"दोन वर्षं झाली."

मी कार्ड उजेडात नेलं. रन्वेल्लच्या टपालघरात मी सव्वीस वर्षं काढली, दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले. मला शिक्के वाचता येतात. आमचा शिक्का एकदा फरशीवर पडला होता, तेव्हापासून त्याच्या कडेला डावीकडे खाच आहे. कार्डावर ती खाच होती. तारीख दोन वर्षांपूर्वीचीच होती. तेव्हा तो शिक्का माझ्या खणात असे आणि माझ्याशिवाय कुणी मारत नसे.

"बहीण आता कुठे असते?" मी विचारलं.

"माहीत नाही. या कार्डांनंतर काहीच आलं नाही."

तेव्हा मला आठवलं. पोलीस एकदा एका गोऱ्या मुलीचा फोटो घेऊन टपालघरात आले होते. मी तो नीट पाहिला होता आणि हिला कधी बघितलं नाही, असं सांगितलं होतं. ते खरंच होतं.

रन्वेल्लहून चार कार्डं गेली होती. पहिल्यात निळ्या खिडकीची खोली होती, दुसऱ्यात गाय. उरलेली दोन इल्झे दाखवेना. दोन दिवस मी तिच्या मागे लागले. शेवटी तिने तिसरं कार्ड काढलं आणि खाली बघत वाचलं.

"आज अवेळी पाऊस आला. अक्कांनी अंकलचे नेसायचे सारोंग दोरीवरून काढले आणि घडी करून मांडीवर घेऊन बसल्या. अंकलची खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवली आहे. आम्ही दोघी एक शब्दही बोललो नाही."

"अंकल कुठे आहेत?" मी विचारलं.

"एवढंच लिहिलंय, अक्का."

पियदास रोज पहाटे खडकांपर्यंत पोहून येत. मी त्यांना पाण्यात जाऊ देईना. मोटारसायकलची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते सगळ्या गावाला सांगत सुटले असते.

"खुर्चीत बसून बसून माझा मुरांबा होईल," ते कुरकुरले. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बरं बाई. आठवडाभर बसतो. तुझ्यासाठी."

गुरुवारी दुपारी ते व्हरांड्यात नारळ खवत होते. मी आत वरण ढवळत होते. खवणीचा आवाज थांबला. नारळ संपला असेल असं मला वाटलं. मी वरणात मीठ घातलं, चव बघितली, आणि मग बाहेर गेले.

डॉक्टर म्हणाले, हृदय. कुठेही झालं असतं.

घराला पांढरी निशाणं लागली. शेजाऱ्यांनी सात दिवस जेवण आणून दिलं. सातव्या दिवसाचं दान झालं, भिक्खू परत गेले. इल्झे मागची भांडी घासत होती, आलेल्यांना चहा देत होती. त्यांची खुर्ची कुणी वळवली ते मला ठाऊक नाही. बायका म्हणाल्या, रीत आहे.

त्यांचे दोन सारोंग मागच्या दोरीवर होते. त्यांनी स्वतःच बुधवारी धुतलेले. मी कुणाला हात लावू दिला नाही. मनाशी पक्कं केलं होतं, ते मी काढणारच नाही. फेब्रुवारीत आमच्याकडे पाऊस नसतो.

नवव्या दिवशी आला.

पत्र्यावर थेंब वाजले आणि माझे पाय धावले. तीस वर्षांची सवय. भानावर आले तेव्हा मी व्हरांड्यात बसले होते आणि दोन्ही सारोंग घडी होऊन माझ्या मांडीवर होते. त्यांना अजून साबणाचा वास होता. समोर इल्झे बसली होती. ती रडत होती. मला काहीतरी बोलायचं होतं, एक शब्द तरी. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

पाऊस थांबल्यावर ती म्हणाली, "मी आलेच नसते तर?"

"शिक्का मीच मारला होता, बाळा," मी म्हटलं.

दोन दिवसांनी तिने पाठपिशवी भरली. मी तिला बसपर्यंत सोडायला गेले. थांब्यावर आम्ही दोघीच होतो. तिने चौथं कार्ड माझ्या हातात ठेवलं.

"हे आलं तेव्हा मी घरीच होते. आईसमोर, जेवायच्या टेबलावर. आम्हाला वाटलं, दाचीचं डोकं फिरलं."

"काय आहे यात?"

बस वळणावर दिसली. तिने पटकन वाचलं, न अडखळता. पाठच होतं तिला.

"आई, इल्झे आज निघाली. ती मला शोधत होती, पण तिला मी दिसले नाही. मी अजून इथेच राहते. अक्का एकट्या आहेत."

ती बसमध्ये चढली. खिडकीतून मान बाहेर काढून बघत राहिली, माझ्याकडे नाही, मागे आमच्या घराच्या छपराकडे.

मी सावकाश परत आले. घरात पाहुणे नव्हते. ऊन कलत होतं. चहाचं आधण ठेवलं.

तेवढ्यात निळ्या खिडकीच्या खोलीतून आवाज आला. कुणीतरी ओले केस टॉवेलने झटकत होतं.

मी हाक मारली नाही. आधणात आणखी एक कप पाणी घातलं.